कडक मंगळ तर सगळ्यांनाच आहे

माझ्या मामेबहिणीचं जवळपास ठरलेलं लग्न गेल्या महिन्यात फिसकटलं. भांडण नाही, देण्याघेण्याचा वाद नाही. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, दोघं सात रस्त्याला जाऊन कॉफी पिऊन आली, एकमेकांना आवडलीही. मग दोन्ही पत्रिका कुणाकडे तरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मुलाच्या काकांचा मामाला फोन. ‘मुलगी चांगलीय ओ, पण कडक मंगळ आहे. आमचा नाइलाज आहे.’

विषय संपला. एम.कॉम. झालेली, स्वतः कमावणारी, घरात सगळ्यांना पुरून उरणारी मुलगी. तिच्यात काही खोट निघाली नाही. खोट निघाली ती कोट्यवधी किलोमीटर लांबच्या एका ग्रहात. मामी दोन दिवस जेवली नाही. बहीण मात्र ऑफिसला गेली, आणि संध्याकाळी घरी येऊन दार लावून बसली.

आता एक गोष्ट आधीच कबूल करते. मी ज्या पेपरात इंटर्नशिप करते, तिथे आठवड्यातून एकदा राशिभविष्याचं प्रूफ माझ्याकडेच येतं. ‘जोडीदाराशी मतभेद टाळा’मधला ऱ्हस्व-दीर्घ मीच तपासते. म्हणजे या प्रकारात माझाही हात आहे. (ही ओळ छापून आली असेल तर समजा, आमचे संपादक दिलदार आहेत.)

तर त्या फोननंतर मी मंगळाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. सुरुवात रागातून झाली आणि पोहोचले भलतीकडेच, मेलेल्या ताऱ्यांपाशी.

मंगळ लाल का दिसतो, माहितेय? गंजामुळे. त्याच्या मातीत, धुळीत लोखंड आहे, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन गंज चढलाय. आपल्या गच्चीवरच्या जुन्या टाकीच्या पत्र्यावर असतो ना, तसाच प्रकार. आणि आपलं रक्त लाल का? तिथेही लोखंडच. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तीन-चार ग्रॅम लोखंड असतं. एक बऱ्यापैकी खिळा होईल एवढं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, श्वासातला ऑक्सिजन धरून अंगभर फिरवायच्या कामावर.

मंगळावरचं लोखंड आणि माझ्या बहिणीच्या रक्तातलं लोखंड एकाच ढगातून आलंय. सूर्य, ग्रह आणि आपण ज्या वायू-धुळीच्या ढगातून बनलो, त्याच ढगातून. मग कडक मंगळ कुणाला नाही? त्या काकांनाही आहेच की, तीन-चार ग्रॅम.

पण त्या ढगात लोखंड आलं कुठून? हा प्रश्न मला बावीस वर्षांत कधी पडलाच नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटली. धाकट्या भावाच्या आठवीच्या बालभारतीच्या विज्ञान पुस्तकात ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ असा धडा आहे. अगदी शेवटचा. शेवटच्या धड्याचं शाळेत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. परीक्षा तोंडावर असते, सर म्हणतात वाचून घ्या. पुढे दहावीत मूलद्रव्यांची आवर्त सारणी येते. ती आपण पाठ करतो, हायड्रोजन, हेलियम, लिथियम... तारे एका इयत्तेत, मूलद्रव्यं दुसऱ्या इयत्तेत. या दोन धड्यांमध्ये नातं आहे, पहिल्या धड्यातल्या ताऱ्यांनीच दुसऱ्या धड्यातली बहुतेक सारणी भरलीय, हे जोडून सांगणारा माणूस भेटला तर भेटला. ताऱ्यांची दुसरी माहिती मात्र आपल्याला न मागता मिळते. साडेसाती कधी सुरू, कधी संपते, गुरुबळ आहे की नाही. ती सांगायला घरोघर माणूस हजर असतो.

परवा मामाच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. शेत नान्नजच्या अलीकडे आहे, शहराचा उजेड तिथे बराच मागे पडतो. बहिणीला ओढूनच नेलं होतं. आगटी पेटली, कणसं भाजली, शेंगदाण्याची चटणी झाली, आणि अंधार पडल्यावर मी मोबाइलवरचं आकाशाचं अॅप काढलं. तुम्हालाही सांगते, या दिवसांत रात्री आठ-साडेआठला शहराबाहेर जाऊन पूर्व-आग्नेयेला तोंड करून उभे राहा. पूर्वेला सगळ्यात झगझगीत दिसतो तो गुरू, तो तारा नाही, त्याला सोडा. त्याच्या उजवीकडे मृग नक्षत्र शोधा. आपल्या आजोबांना ‘मृगाचा पाऊस’ ज्याच्यामुळे कळायचा तेच. चौकोनाचे चार तारे, आणि मधे एका ओळीत तीन, म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला बाण. आकाशाच्या या एवढ्या तुकड्यात ताऱ्याचं जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य मांडून ठेवलंय. एकाच लग्नाच्या हॉलमध्ये पाळण्यातलं बाळ, नवरा-नवरी आणि काठी टेकत आलेले पणजोबा दिसावेत, तसं.

त्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही, ढग आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षं लांब. तिथे आत्ता तारे जन्मतायत. ढगात मुख्यतः हायड्रोजन असतो. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत फक्त हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम तयार झालं. बास. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, लोखंड नाही. बाकीचा सगळा बाजार नंतर भरला. ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो, पोटात तापतो, आणि हायड्रोजनचे अणुगाभे एकमेकांना चिकटून हेलियम बनायला लागलं की तारा पेटला म्हणायचं. आपल्या सूर्याच्या पोटात आत्ता दीड कोटी अंश तापमान आहे. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान उजेड-उष्णता बनून बाहेर पडतं. सोलापूरच्या मे महिन्यात आपण जे भोगतो, ते त्यातलंच.

मृगाच्या वर, जरा पुढे कृत्तिकांचा पुंजका. ही जेमतेम दहा कोटी वर्षांची पोरं. सूर्याचं वय ४६० कोटी, तेव्हा कृत्तिका अजून बालवाडीतच म्हणायच्या. कृत्तिका आणि मृग यांच्या मधे तांबूस रोहिणी. रोहिणी म्हातारी झालीय. पोटातला हायड्रोजन संपला की तारा फुगतो, बाहेरून थंड होतो आणि तांबडा दिसायला लागतो. सूर्याचंही साधारण ५०० कोटी वर्षांनी हेच होणार आहे.

अशा म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटात मग पुढचा खेळ सुरू होतो: तीन हेलियम मिळून एक कार्बन. इथे मला आपल्याकडच्या एका माणसाच्या गुरूची गोष्ट सापडली. फ्रेड हॉइल नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५३ साली हिशेब मांडला की तीन हेलियम एकत्र येऊन कार्बन बनणं इतकं अवघड आहे की जगात कार्बन जवळजवळ नसायलाच हवा. पण कार्बन तर आहे. झाडं आहेत, माणसं आहेत. तेव्हा कार्बनच्या अणुगाभ्याला एक विशिष्ट ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे, तरच हे जमेल. तोवर कुणाला ती नीट सापडलेली नव्हती. त्यांनी अमेरिकेतल्या कॅलटेकमधल्या प्रयोग करणाऱ्या मंडळींच्या मागे लागून तपासायला लावलं, आणि ती अवस्था सांगितली त्याच जागी सापडली. १९५७ मध्ये हॉइल, विल्यम फाउलर आणि मार्गारेट व जेफ्री बर्बिज या चौघांनी मोठा शोधनिबंध लिहून ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटात कुठली मूलद्रव्यं कशी शिजतात, याचा नकाशाच मांडला.

याच हॉइलांकडे केंब्रिजला पीएच.डी. करायला कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा गेला होता. जयंत नारळीकर. नारळीकर पुढे भारतात परतले, पुण्यात १९८८ मध्ये आयुका उभी केली आणि मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. गेल्या वर्षी २० मे रोजी ते गेले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. गुरू-शिष्य दोघांनीही विश्वाला सुरुवातीचा स्फोट नव्हताच, असं शेवटपर्यंत मांडलं आणि त्या बाबतीत बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात राहिले. तरी मूलद्रव्यांचा हॉइलांचा हिशेब टिकला. एका बाबतीत चुकलेला माणूस दुसऱ्या बाबतीत बरोबर असू शकतो, कारण तिथे माणूस कोण ते बघत नाहीत, मोजून बघतात. नारळीकरांची एक गोष्ट आणखी आहे, तिच्याकडे येतेच.

आधी व्याध. मृगाच्या खाली डावीकडचा, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याला एक जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो मेलेला तारा, श्वेत बटू: पृथ्वीएवढा गोळा, पण वजन सूर्याएवढं. त्यातला चमचाभर माल काही टन भरेल. सूर्यासारखे तारे शेवटी बाहेरची कवचं हळूहळू उडवून देतात आणि असे बटू होऊन विझत जातात. सुब्रह्मण्यम चंद्रशेखर नावाचा १९ वर्षांचा मुलगा १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला, आणि त्या प्रवासात आकडेमोड करत त्याने शोधलं की अशा बटूच्या वजनालाही मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याच्यावर गेलं की कोसळणारच. त्यासाठी नोबेल मिळालं १९८३ मध्ये. १९ व्या वर्षी मी काय करत होते ते इथे लिहीत नाही.

आणि आता आपलं लोखंड. मृगाच्या चौकोनातला डावीकडचा वरचा तारा बघा, नारंगी-लाल. काक्षी. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून बहुतेक ठिकाणी हाच धरतात. पंचांगात आर्द्रा म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, पण हा तारा मरायला टेकलाय. २०१९ च्या शेवटी तो एकदम मंद झाला, तेव्हा जगभर लोक ‘फुटतोय, फुटतोय’ म्हणून बघत बसले होते. त्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती, असं नंतर कळलं. फुटणार हे नक्की. उद्या की लाख वर्षांनी, तेवढंच ठरायचंय.

मोठ्या ताऱ्याचं आयुष्य म्हणजे उधळ्या माणसासारखं. सूर्य हजार कोटी वर्षं पुरवून खातो. सूर्याच्या २५ पट वजनाचा तारा हायड्रोजन काही दशलक्ष वर्षांतच संपवतो. मग हेलियम काही लाख वर्षं. त्यातून झालेला कार्बन शे-पाचशे वर्षं. नंतर निऑन, ऑक्सिजन, प्रत्येकी वर्षभर किंवा त्याहून कमी. शेवटी सिलिकॉन, आणि तो संपतो साधारण एका दिवसात! त्यातून लोखंड होतं आणि गाडी थांबते. कारण आत्तापर्यंत प्रत्येक पायरीवर ऊर्जा मिळत होती. लोखंडाचे गाभे चिकटवायला मात्र वरून ऊर्जा द्यावी लागते. ताऱ्याचं दुकान तोट्यात जातं. आतून धरून ठेवणारा दाब जातो आणि पृथ्वीएवढा लोखंडी गाभा सेकंदाच्या आत कोसळून वीसेक किलोमीटरचा होतो. बाहेरचा सगळा संसार उधळून जातो. एवढा मोठा तारा, आणि शेवट सेकंदाचा.

त्यात ऑक्सिजन, सिलिकॉन, कॅल्शियम, लोखंड असं सगळं अवकाशात फेकलं जातं. (श्वेत बटूंचेही स्फोट होतात, आणि विश्वातलं बरंच लोखंड त्यांच्याकडून आलंय, बटू म्हणून त्यांना हलके समजू नका.) १०५४ साली वृषभेच्या शिंगाजवळ असा एक तारा फुटला. चीनमधल्या लोकांनी नोंद करून ठेवलीय, तो तीन आठवडे दिवसाढवळ्या दिसत होता. तिथे आज दुर्बिणीतून विस्कटलेला ढग दिसतो, आणि त्याच्या मधोमध उरलेला गोळा सेकंदाला तीस गिरक्या घेतो. सूर्याहून जड, आणि आकाराने सोलापूर शहराएवढा.

हे सगळं विखरून गेलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण दीर्घिका ते जाऊ देत नाही. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, सुमारे लाख प्रकाशवर्षं पसरलेली, हजारो कोटी ताऱ्यांची. मी तिला मनात भंगारवाली म्हणते. मेलेल्या ताऱ्यांचा माल गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवते, नव्या ढगात मिसळते, त्यातून नवे तारे. आपला सूर्य पहिल्या पिढीतला नाही, म्हणून तर त्याच्याभोवती दगड-लोखंडाची पृथ्वी बनू शकली.

हा कारभारही कायमचा नसतो, आणि ते कळलं ते आपल्या जुन्नर तालुक्यातून. नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५-४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर एक अगदी क्षीण संदेश सोडतो, तो ही दुर्बीण ऐकते. पुण्याच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिच्यावरून ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हजारो दीर्घिकांमधला हायड्रोजन एकत्रित मोजला. त्या तेव्हा ज्या वेगाने तारे जन्माला घालत होत्या, त्या वेगाने तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेसा नवा वायू आला नाही, आणि विश्वातली ताऱ्यांची जन्मसंख्या घटली. बोअर आटल्यावर काय होतं, ते सोलापूर जिल्ह्याला वेगळं समजावायला नको.

आता लग्नातल्या दुसऱ्या धातूकडे येऊ. पत्रिका जुळली की पुढचा प्रश्न ‘किती तोळे?’ तर सोनं ताऱ्याच्या पोटात साध्या पद्धतीने बनत नाही. त्याला न्यूट्रॉनचा प्रचंड मारा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे तसेच शहराएवढे दोन मेलेले गोळे, एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर टिपली गेली. १३ कोटी प्रकाशवर्षं लांबची टक्कर. मागोमाग दुर्बिणी तिकडे वळल्या आणि जड मूलद्रव्यं नुकतीच तयार झाल्याच्या खुणा त्या उजेडात सापडल्या. त्या एका टकरीत पृथ्वीच्या वजनाच्या कित्येक पट सोनं झालं असावं, असा अंदाज आहे. सोनं आणखी कुठे-कुठे बनतं यावर वाद चालू आहेत, पण मोठा वाटा अशाच टकरींचा मानतात. अशा लहरी पकडणारं ‘लायगो-इंडिया’ आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्याला २६०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे मंगळसूत्रातल्या सोन्याचा जन्मदाखला तपासणारी यंत्रणा मराठवाड्यात येतेय, आणि आपण मंगळसूत्र घालायचं की नाही ते वहीतल्या बारा घरांवरून ठरवतोय.

‘हे सगळं तुम्हाला कळतं कसं? तिथे कोण जाऊन आलंय?’ हा मामाचा प्रश्न, आणि रास्त आहे. त्याला मी गड्ड्याचं उदाहरण दिलं. सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम तुम्ही लहानपणापासून बघताय. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्याच रंगांच्या रेघा सोडतं, अंगठ्याच्या ठशासारख्या. ताऱ्याचा उजेड लोलकातून फोडून ते ठसे जुळवायचे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, विजयदुर्गापासून गुंटूरपर्यंत सावली गेली त्या दिवशी, सूर्याच्या कडेच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली आणि तिच्यावरून पुढे हेलियमचा शोध लागला. पृथ्वीवर सापडायच्या आधी ते सूर्यात सापडलं. विजयदुर्गावर लॉकियर साहेबाने ते शोधलं असं आपण अभिमानाने सांगतो, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते, त्यांनी ती रेघ दोन महिन्यांनी तिकडूनच पाहिली. सोयीची गोष्ट असली तरी तपासून घ्यावी. हा नियम ज्योतिषालाच लावायचा आणि अभिमानाला नाही, असं चालत नाही.

आणि राहिलेली नारळीकरांची गोष्ट ती हीच, तपासण्याची. ज्योतिष खोटं आहे असं नुसतं भाषणात म्हणून ते थांबले नाहीत. २००८ मध्ये त्यांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर महाराष्ट्रातच एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुलं, यांच्या जन्मवेळांवरून दोनशे पत्रिका केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं: पत्रिका बघा आणि मूल कुठल्या गटातलं ते सांगा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं ४६ टक्के. एका संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका बघितल्या. त्यातल्या १०२ बरोबर. आता रुपयाचं नाणं काढा आणि दोनशे वेळा उडवा. छापा साधारण तेवढ्याच वेळा येईल. पुढच्या वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे सगळं आकड्यांसकट छापून आलं.

ही चाचणी लग्नाची नव्हती, मंगळाची नव्हती. ते मी मान्य करते. पण मुलाची बुद्धी ही इतकी ठळक गोष्ट जर पत्रिकेत दिसत नसेल, तर नवऱ्याचं आयुष्य किती हे त्याच कागदात दिसतं, असं म्हणणाऱ्याने आता आकडे आणावेत. पुरावा द्यायची पाळी माझ्या बहिणीची नाही.

‘आपली परंपरा आहे’ असं मामी म्हणाली. आहे ना! मृग, आर्द्रा, रोहिणी ही परंपराच आहे, आणि मला ती मनापासून आवडते. सूर्य त्या-त्या नक्षत्रापाशी आला की पेरणीचे दिवस आले, हे ज्यांनी बघून-बघून ठरवलं त्यांनी निरीक्षण केलं होतं. ती दिनदर्शिका आहे, दरवर्षी पावसाच्या कसोटीला उभी राहते आणि चुकली तर शेतकरी बोलून दाखवतो. मंगळवाल्या मुलीचा संसार मोडला की ‘बघा, सांगितलं होतं’; टिकला की ‘शांत केली होती’. दोन्हीकडून पास. अशा परीक्षेत तर मीही मेरिटला आले असते.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. त्याचं एक मोठं कारण लोह कमी पडणं. ताऱ्याने सेकंदात जीव देऊन फेकलेलं लोखंड इथवर आलं, काळ्या मातीत मिसळलं, ज्वारीत उतरलं, आणि तिच्या ताटापर्यंत पुरेसं पोहोचत नाही, कारण ती शेवटी जेवते. बायोडेटावर रास, नाड, गण, सगळे रकाने असतात. हिमोग्लोबिनचा रकाना मी अजून एकाही बायोडेटावर बघितलेला नाही. लोखंडाच्या ग्रहाची इतकी चौकशी, आणि प्रत्यक्ष लोखंडाची काहीच नाही?

तुमचं लग्न ठरत असेल, किंवा येत्या दोन-चार वर्षांत ठरणार असेल, तर मुलांनो, तुम्हाला मुद्दाम सांगते. त्या स्थळातल्या मुलाने बहिणीला मेसेज केला होता, ‘मला पटत नाही, पण घरचे ऐकत नाहीत.’ तो इंजिनिअर आहे. मंगळयान कुठल्या वर्षी मंगळाच्या कक्षेत गेलं ते त्याला तोंडपाठ असेल. त्याने घरी एकदाच, न भांडता, विचारायला हवं होतं: ‘काका, हे तुम्हाला कशावरून माहीत?’ एवढ्याने लग्न जमलं असतं की नाही, माहीत नाही. निदान काकांना उत्तर तरी शोधावं लागलं असतं.

हुरडा संपत आला होता, आगटी विझायला आली होती. मी बोलून-बोलून दमले होते. बहीण बराच वेळ मान वर करून बघत होती. व्याध, काक्षी, रोहिणी, कृत्तिका तिने बोटाने परत मोजल्या. मग म्हणाली, ‘सगळे दाखवलेस, तो मंगळ कुठाय?’

मी अॅपमध्ये बघितलं. ‘सध्या दिसत नाही. सूर्याच्या पार पलीकडे गेलाय. काही महिने तरी सापडायचा नाही.’

ती पहिल्यांदाच हसली. ‘मग मला कुठून बघतोय गं तो?’